ओलेपापाशी अडकलेली नोंद: फोटोवरून पतंग ओळखण्याचा माझा अनुभव

फोटोवरून पतंगांच्या जाती ओळखण्याच्या नादाला ज्यांना लागायचे आहे, त्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी: चार जणांनी मान डोलावली म्हणजे ओळख पटली असे होत नाही. लोक फोटो चढवून एकमेकांना जाती ओळखायला मदत करतात अशा एका संकेतस्थळावरच्या माझ्या एका नोंदीला असाच भरघोस दुजोरा मिळाला होता, तिच्यावर पडताळणीची खूणही उमटली होती, आणि एका अभ्यासकाच्या एका शब्दासरशी ती खूण गेली. त्यानंतर ती नोंद एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत 'ओळख हवी' या रांगेत पडून राहिली. त्या काळातली चिडचिड अजून पुरती ओसरलेली नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

आमचे घर संगमेश्वर तालुक्यात आहे. मृगाचा पाऊस लागला की पडवीतल्या दिव्याभोवतीची भिंत रात्री नऊनंतर पाखरांनी भरून जाते. भारतात फुलपाखरांच्या तेराशेंच्या आसपास जाती आहेत. पतंगांच्या नोंदलेल्या जाती १०,००० हून अधिक आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशांचा रंग भिंतीवरच्या शेवाळाशी किंवा वाळक्या पानाशी जुळणारा असतो. तरीही पहिल्या काही आठवड्यांत मला हे काम फार सोपे वाटले. कण्हेरीवर वाढणारा हिरवा डॅफ्निस नेरी त्याच संध्याकाळी ओळखला गेला. आमच्याकडे दरवर्षी 'ॲटलास पतंग आढळला' अशी बातमी ज्याच्यामुळे छापून येते, तो हातभर वाटावा असा पतंगही लगेच निकालात निघाला, कारण सह्याद्रीतला तो ॲटॅकस टॅप्रोबॅनिस मानला जातो. ॲटॅकस ॲटलास हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्येकडे आणि पुढे आग्नेय आशियात सापडतो. म्हणजे तिथे फोटोपेक्षा ठिकाणच अधिक बोलते, आणि म्हणून नोंद करताना नुसते 'कोकण' असे कधीही लिहू नये. गाव, तालुका आणि शक्य तर नकाशावरचा नेमका ठिपका द्यावा.

अडकलो तो ओलेपा या पतंगांच्या वंशापाशी. वंशाचे नाव पहिले आणि जातीचे नाव दुसरे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. माझ्या पतंगाचे पहिले नाव ओलेपा याविषयी कधीच वाद नव्हता. पुढचे पंख मळकट तपकिरी, त्यांवर फिक्या कडेचे काळपट ठिपके, आणि बसताना ते पंख कौलासारखे पाठीवर मिटलेले, असा तो भिंतीवर बसला होता. त्याचे केसाळ, काळे सुरवंट एरंडावर हमखास दिसतात, केळीवरही दिसतात, आणि कृषी कीटकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत त्याचे नाव अजूनही पेरिकॅलिया रिसिनी असे दिलेले असते. मी फोटो चढवताच संकेतस्थळाच्या यंत्राने सर्वांत वर सुचवले ते ओलेपा रिसिनी. मी ते नाव निवडले. तासाभरात कुणीतरी दुजोरा दिला, दुसऱ्या दिवशी आणखी काहींनी दिला, आणि नोंद पडताळलेली ठरली.

मग काही आठवड्यांनी, ओलेपा ज्यात येतो त्या अर्क्टिनी उपकुलाचा अभ्यास असणाऱ्या एका गृहस्थांनी तिच्यावर फक्त 'ओलेपा' एवढेच लिहिले आणि वरच्या पातळीवरचा स्पष्ट असहमतीचा पर्याय निवडला. खूण गेली. सोबत एका ओळीचेही स्पष्टीकरण नव्हते. मी नम्रपणे कारण विचारले. उत्तर आले नाही. पुन्हा विचारले. दरम्यान आधी दुजोरा दिलेल्या दोघांनी आपली मते गुपचूप मागे घेतली, जणू त्यांनी फोटो कधी पाहिलाच नव्हता, आणि एका नव्याने आलेल्या माणसाने यंत्राने सुचवलेले रिसिनी हेच नाव पुन्हा डकवले. मग कुणी वंशावर, कुणी जातीवर, अशी ती नोंद महिनोन्‌महिने हेलकावे खात राहिली. दिवाळी झाली, शिमगा झाला, आणि रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडून पाहण्याची मला वाईट खोड लागली.

माझा राग त्या अभ्यासकावर नव्हता, किंवा असलाच तर थोडा होता. खरा राग त्या सूचना देणाऱ्या यंत्रावर आणि त्याच्यावर डोळे मिटून बोट टेकवणाऱ्यांवर होता. यंत्र कशावर शिकलेले असते? आधी माणसांनी नाव दिलेल्या फोटोंवर. ज्या नावाचे फोटो जास्त, ते नाव यंत्र आधी सुचवते. सुचवलेले नाव लोक पुन्हा स्वीकारतात. आणि त्या नावाचे फोटो आणखी वाढतात. ओलेपा रिसिनीच्या बाबतीत हे चक्र किती फिरले असेल याची कल्पना करावी, कारण रिसिनी हे जातीचे नाव १७७५ सालापासून, म्हणजे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसपासून चालत आलेले आहे आणि शेतीच्या अनेक पुस्तकांत आहे. बाकीच्या जातींची नावे मात्र पुस्तकांत सहसा नसतात. क्लॅव्हाटा ही जाती चार्ल्स स्विन्हो यांनी १८८५ साली वर्णन केली. हे गृहस्थ मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. ओलेपा हा स्वतंत्र वंश वॉटसन यांनी १९८० साली केला. १९८६ साली ओरहांत या फ्रेंच अभ्यासकाने एकाच वंशात अनेक नव्या जाती वर्णन केल्या, २००५ साली थेट इस्रायलमधून श्लाइनी ही जाती आली, आणि अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रातूनही या वंशातील नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत. हे सगळे पतंग पडवीच्या भिंतीवर पंख मिटून बसले की जवळजवळ सारखेच दिसतात.

अखेर उत्तर आले, ते दुसऱ्या एका अभ्यासिकेकडून, आणि सविस्तर आले. बाईंनी लिहिले होते की पंख मिटलेल्या फोटोत मागचा पंखच दिसत नाही, आणि या वंशात लालसर रंगाच्या त्या मागच्या पंखावरील काळे डाग हीच पहिली वाट असते. पण तो दिसला तरी प्रकरण संपत नाही, कारण एकाच जातीत डाग कमीजास्त होतात. खात्रीशीर ओळख बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियांवरून होते. त्यासाठी पोटाचे टोक सोडवून १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करतात, चरबी धुऊन काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतले चिमटे पाहतात. हे फोटोत येणे शक्य नाही. 'तुमचा फोटो चांगला आहे, पण प्रश्नच फोटोच्या आवाक्याबाहेरचा आहे,' असे त्यांनी लिहिले, आणि इतक्या महिन्यांत मला प्रथमच बरे वाटले.

तरीही मी इरेला पेटलो. पुढच्या पावसाळ्यात तसाच पतंग आला तेव्हा त्याला रुंद तोंडाच्या बरणीत घेतले आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काही मिनिटे ठेवले, म्हणजे तो थंडीने मंद होतो आणि इजाही होत नाही. (बरणीला झाकण घट्ट लावू नये, आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवावे; आमच्याकडे ती बरणी ताकाच्या भांड्याशेजारी सापडल्यावर जे बोलणे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.) बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवला, मऊ कुंचल्याने पुढच्या पंखाची कड हलकेच सारली, आणि तो जागा होता होता त्याने स्वतःच दोन्ही पंख उचलले. मागचा पंख शेंदरी-गुलाबी, त्यावर काळे डाग, बाहेरच्या कडेशी मोठे आणि आत विखुरलेले; पोट लालभडक, मधोमध काळ्या ठिपक्यांची ओळ. बोटाला लागलेले खवले गुलाबी पुडीसारखे चमकत होते. बाजूला आलेखाचा कागद ठेवल्यामुळे आकारही मोजता आला. वरून, खालून आणि शृंगिकांचा, असे फोटो घेऊन त्याला एरंडाच्या पानावर सोडून दिले.

ते फोटो चढवल्यावरही नोंद वंशाच्या पुढे सरकली नाही, पण आता निदान सगळ्यांना कारण माहीत होते. आणि इथे मला जे कुणी आधी सांगितले नव्हते ते सांगतो: मी वापरतो त्या संकेतस्थळावर नोंदीच्या अगदी तळाशी, सहसा कुणी खाली उतरत नाही तिथे, 'ही ओळख आणखी सुधारता येईल का' असा एक प्रश्न असतो. तिथे 'नाही' असे उत्तर दिले आणि इतरांनी ते उलटवले नाही, तर वंशाच्या पातळीवरची नोंदही पडताळलेली धरली जाते. हा चौकोन वर, डोळ्यांसमोर ठेवला असता तर माझ्यासारख्या किती जणांचा मनस्ताप वाचला असता, हा प्रश्न ते पान बनवणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

काही गोष्टी आठवतील तशा सांगतो. जॉर्ज हॅम्पसन यांचे ब्रिटिश भारतातील पतंगांवरचे चार खंड (१८९२ ते १८९६) आज विनामूल्य वाचायला मिळतात आणि ते जरूर पाहावेत. हे गृहस्थ आधी निलगिरीत चहाचे मळेवाले होते. पण त्यांच्या किल्ल्या, म्हणजे लक्षणे एकेक करून तपासत ओळखीपर्यंत नेणारे तक्ते, पंखांच्या शिरांवर आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांवर बेतलेल्या आहेत, आणि फोटोत शिरा खवल्यांखाली झाकलेल्या असतात, म्हणून त्यांच्या आधाराने वंशापर्यंत पोहोचण्यापेक्षा पोहोचलेला वंश तपासून पाहावा. जुन्या पुस्तकांतील अर्क्टिडी हे कुल आता एरेबिडी कुलातील अर्क्टिनी या उपकुलात गेले आहे. शोधताना दोन्ही नावे टाकावीत. फ्लॅशने हिरवे रंग फिके पडतात, त्यामुळे जिओमेट्रिडी कुलातल्या हिरव्या पतंगांचा फोटो सकाळच्या उजेडात पुन्हा घ्यावा. सोंड, पाय आणि शृंगिका दिसतील असा बाजूचा एक फोटो नेहमी ठेवावा. संरक्षित जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करू नये, एक पंखसुद्धा.

आता रविवारी दुपारी मीच इतरांच्या ओलेपा रिसिनी अशा नोंदी उघडून त्यांना वंशावर आणून ठेवतो, आणि प्रत्येक वेळी खाली दोन ओळींत कारण लिहितो. लोक चिडतात. एकाने मला 'हे कोण मोठे शहाणे' असे विचारले; त्याला मी मागच्या पंखाचा फोटो मागितला, आणि त्याने तो पुढच्या आठवड्यात पाठवलासुद्धा. त्याला तो पंख कुठल्याही एका जातीला खात्रीने चिकटवता येणार नाही हे सांगितले आणि तळाशी असलेला तो चौकोन कुठे आहे तेही सांगितले. आता तो एरंडावरचे सुरवंट बरणीत पाळून त्यांचे कोष होण्याची वाट पाहत आहे, कारण एकाच सुरवंटापासून पतंगापर्यंतचे फोटो एका साखळीत असले तर अभ्यासकाला त्यांचा अधिक उपयोग होतो. त्याला एकच सूचना दिली आहे: सुरवंटाचे फोटो आणि पतंगाचे फोटो वेगवेगळ्या नोंदींत चढवावेत, आणि प्रत्येक नोंदीत दुसरीचा दुवा द्यावा.