ताप नाही, तरी मऊ भात

आमच्याकडे मऊ भात खायला ताप यावा लागतो. गेला बाजार पोट तरी बिघडायला हवं. धडधाकट माणसाने "आज मला मऊ भातच कर" म्हटलं की उत्तराआधी कपाळाला हात लागतो.

गेल्या आठवड्यात माझं कपाळ गार होतं, बिघाड आत होता. दिवसभर मिटिंगा आणि रात्री दोनला टक्क डोळे उघडून पंख्याकडे बघत पडणं. शुक्रवारी घरी आले, पर्स टाकली आणि अर्धी वाटी आंबेमोहोर धुतला. कुकर लावला नाही. कुकरमधला मऊ भात नुसता गिचका होतो. पातेल्यात तो खदखदतो, शीत न् शीत फुलून फुटतं. फक्त सोडून जाता येत नाही. ढवळलं नाही तर तळाला लागतो, लक्ष काढलं तर उतू जातो. पातेल्यावर पळी आडवी टाकून उभी राहिले. बाहेर मोबाइल वाजत होता, वाजू दिला.

या पातेल्यातल्या पाण्याचा हिशेब आयुर्वेदाने चोख ठेवलाय. घट्ट-पातळ प्रकारांना वेगवेगळी नावं आहेत: विलेपीला तांदळाच्या 4 पट पाणी, यवागूला 6 पट, मंडाला 14 पट. शितं अजिबात नाहीत तो मंड, थोडी असतील ती पेया, भरपूर असतील ती विलेपी. पेया म्हणजेच आपली पेज, आणि 'शीत' हा तिथल्या 'सिक्थ' या संस्कृत शब्दाचाच वंशज. पंचकर्मानंतर माणसाला जेवणावर आणतात तेही याच पायऱ्यांनी, आधी पेया, मग विलेपी. आणि वाताचे गुण काय सांगितलेत, तर रूक्ष, हलका, थंड, चंचल. रात्री दोनच्या माझ्या डोक्याचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलेलं नाही! त्यावर उतारा स्निग्ध आणि उष्ण. (भाताने निद्रानाश जातो असा माझा दावा नाही, उगाच वैद्य समजू नका.)

मग मेतकूट. डबा उघडला की आधी हिंग नाकात शिरतो, मागून भाजलेल्या मेथीचा कडसर वास. डाळी, गहू, सुंठ वगैरे मंडळी जिभेवर भेटतात. भाताला मधे खळगा, खळग्यात तूप, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. पहिला घास हमखास पोळतो, म्हणून फुंकर मारायची. पाचसहा फुंकरा झाल्या आणि लक्षात आलं, सकाळपासून इतका लांब श्वास सोडलाच नव्हता.

ताटली चाटूनपुसून झाल्यावर आईला फोन लावला.

"जेवलीस का? काय केलं होतंस?"

"मऊ भात."

"का गं? ताप आहे?"

"नाही."

आई जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तूप नीट घेतलंस ना?"