सातवरून तीनवर: आमच्या गच्चीवरचं सोलर

गच्चीवर किती किलोवॅटचं सोलर लावायचं, याचं सूत्र धाकट्या दिरांनी पुण्याहून फोनवर दिलं. "वहिनी, अगदी सोपंय. सगळ्यात मोठं बिल काढा, त्यातल्या युनिटांना १२० ने भागा. येईल तेवढे किलोवॅट." एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिटं देतं, महिन्याची झाली १२०, असा त्यामागचा हिशेब. मी मे-जूनचं बिल काढलं. ८१० युनिटं. भागाकार आला पावणेसात. म्हणजे धरा सात किलोवॅट.

किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट जागा लागते, म्हणजे सातला ७००. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराची गच्ची जिन्याच्या खोलीसकट भरते ६२०. वर पाण्याची टाकी, तुळस, कपड्यांच्या दोऱ्या, आणि एप्रिलमध्ये सासूबाईंच्या कुरडया. मी तो विषय जवळजवळ सोडून दिला होता.

दोन दिवसांनी टेबलावर पडलेलं बिल सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "अगं, पण हे दोन महिन्यांचं आहे ना?"

होतं. बडोद्यात बिल दोन महिन्यांनी येतं, महावितरणचं दर महिन्याला. दिरांचं सूत्र बरोबर होतं, बिल भलत्या गावचं होतं. एवढं साधं मला सुचू नये याची लाज वाटली, म्हणून दिरांना ते अजून सांगितलेलं नाही.

मग मी वर्षाची सहाही बिलं काढली. सगळ्यात मोठं एकच बिल धरणं हीदेखील चूकच आहे, कारण आमचा उन्हाळा आणि आमचा डिसेंबर ही दोन वेगळी घरं आहेत. मार्च-एप्रिल ६२०, मे-जून ८१०, जुलै-ऑगस्ट ५६०, सप्टेंबर-ऑक्टोबर ५४०, नोव्हेंबर-डिसेंबर ३३०, जानेवारी-फेब्रुवारी ३००. बेरीज ३,१६०, म्हणजे दिवसाला पावणेनऊच्या आत. चारने भागलं तर सव्वादोन किलोवॅटसुद्धा होत नाही.

पण पॅनेल पंचवीस वर्षं छपरावर राहणार, तेव्हा नुसता मागचा हिशेब पुरत नाही. सासूबाईंच्या खोलीत एसी बसवायचाच होता. उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांच्या रात्री धरून त्याची ४५० युनिटं लिहिली. मुलाला कॉलेजसाठी इलेक्ट्रिक स्कूटर हवी होती, तिची वर्षाला ३५०. एकूण ३,९६०, दिवसाला जवळपास ११. आता उत्तर आलं पावणेतीन किलोवॅट.

सोलरवाल्याला हा कागद दाखवला. त्याने तो बघितला न बघितल्यासारखा केला आणि म्हणाला, "बेन, पांच ज नाखी दो ने. पछी चिंता नहीं." पाचच का, तर म्हणे शेजारी सगळे पाचच लावतात, आणि सबसिडी आहेच. सबसिडीचं मी वाचून ठेवलं होतं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि त्याच्या पुढे काही नाही. तीन लावा, पाच लावा, हातात ७८,०००च. चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्णपणे आपल्या खिशातून. शिवाय जास्तीची वीज कंपनीला दिली की तिचा मिळणारा दर आपण मोजतो त्यापेक्षा कमी असतो. गच्चीवर वीज पिकवून स्वस्तात विकायचा धंदा मला करायचा नव्हता. घरापुरतं मिळालं की झालं.

तीनवर तो नाराजीनेच आला. ५४० वॅटची सहा पॅनेलं, म्हणजे ३.२४ किलोवॅट. पण त्याने पाठवलेल्या आराखड्यात दोन पॅनेलं जिन्याच्या खोलीच्या मागे, उत्तरेला होती. गच्चीवर तो चढलाच नव्हता, मोबाइलवर उपग्रहाचा फोटो बघून चौकोन मांडले होते.

माझ्या मते किती किलोवॅट घ्यायचं याचं निम्मं उत्तर सावलीत असतं. कर्कवृत्त बडोद्याच्या थोडं उत्तरेला आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, किंचित उत्तरेकडेच झुकतो. तेव्हा गच्चीवर सावली शोधून सापडत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही तो जेमतेम ४४ अंशांवर असतो, आणि वस्तू जेवढी उंच जवळजवळ तेवढीच लांब तिची सावली पडते. जिन्याची खोली आणि तिच्यावरची टाकी मिळून तेरा फूट. म्हणजे उत्तरेकडे तेरा फूट अंधार.

हे नुसतं सांगून त्याला पटलं नसतं. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका रविवारी मी खडू घेऊन वर गेले. दहा वाजता सावलीची कड आखली, बारा वाजता आखली, दोनला, साडेतीनला. टाकीची, खोलीची, दक्षिणेच्या कठड्याची, आणि शेजारच्या काकांच्या कडुनिंबाची. तो कडुनिंब पश्चिमेला आहे आणि तीननंतर हळूच आत सरकतो. सासूबाई वाळलेले कपडे काढायला आल्या आणि म्हणाल्या, "ही कसली गं रांगोळी?" संध्याकाळी आखलेल्या सगळ्या वेड्यावाकड्या रेघांमधून जो कोरा तुकडा उरला, तो गच्चीच्या दक्षिण भागात होता. त्यात सहा पॅनेलं बसत होती. सातवं बसलं नसतं.

एवढी काटेकोरी कशाला? तर पॅनेलं एकाच तारेत ओवलेली असतात. एकावर सावली पडली की बाकीचीही थोडीफार मागे ओढली जातात. आमच्या सहापैकी पश्चिमेच्या एकावर हिवाळ्यात साडेतीननंतर कडुनिंब येतोच. ते मी मान्य केलं. झाड तोडायला सांगण्याइतकी वीज मला नको आहे, आणि काकांना सांगायची हिंमतही नाही.

उंची हा दुसरा वाद. कमी उंचीचा सांगाडा स्वस्त पडतो. पण बडोद्यात गच्ची म्हणजे उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला आमच्याकडे चाळीसेक माणसं वर असतात, आणि कापलेल्या पतंगामागे धावणारं पोर पॅनेल आहे की पाट हे बघत नाही. सात फुटांचा सांगाडा घेतला, १८,००० जास्त गेले. खालची जागा जशीच्या तशी राहिली, कुरडयांसकट.

बॅटरीचाही विचार केला, कारण २०२४ च्या ऑगस्टमधला विश्वामित्रीचा पूर ताजा होता. समा भागात राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे तेव्हा वीज बरेच दिवस नव्हती. आणि साधं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेलं, सोलर लाइन गेली की स्वतःही बंद पडतं, बाहेर कितीही ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छपरावरून झटका बसू नये, म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. ही गोष्ट मला कोणीही आपणहून सांगितली नाही. बॅटरीवाल्या हायब्रिडचा आकडा ऐकून आम्ही घरातला जुना इन्व्हर्टरच ठेवला. चार दिवे, दोन पंखे, वायफाय. पुरतं.

कागदपत्रांत एकच अडचण आली. वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर होतं, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. अर्जावरचं नाव आणि बिलावरचं नाव जुळावं लागतं. ते बदलण्यात तीन आठवडे गेले. पुढचं सगळं, अर्ज, करार, तपासणी, नवा मीटर, सुरळीत झालं. सबसिडीसाठी पॅनेलमधले सेल भारतात बनलेले असावे लागतात, ते तेवढं बिलावर लिहून घेतलं.

फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी सुरू झालं. पहिल्याच महिन्यात दिवसाला पंधरा-पंधरा युनिटं येत होती, म्हणून मेमध्ये सतरा येतील असं मी गृहीत धरलं. आली तेरा-चौदा. पॅनेल उजेडावर चालतं, उकाड्यावर नाही. तापलं की त्याची ताकद उलट घटते, आणि वर धूळ. आता दर आठवड्याला सकाळी सातच्या आत मुलगा पाइप लावून धुतो. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, हे सोलरवाल्याने सांगितलेलं मात्र पाळतो.

सगळे विचारतात, बिल शून्य आलं का. मे-जूनचं नाही आलं. एसी धरून १,११० युनिटं वापरली, ७९० छपरावर झाली, ३२० चे पैसे भरले. नोव्हेंबर-डिसेंबरच्या बिलात मात्र आमचेच पैसे जमा होते. दिरांनी ते बिल व्हॉट्सअ‍ॅपवर बघितलं आणि लिहिलं, "बघा, म्हटलं होतं ना, १२० ने भागा."