तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रॉनिक्स न शिकता प्लॉटर बनवता येतो का?

आमच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवलेल्या बोर्डावर एक पेन दोन पट्ट्यांना लटकलेलं असतं आणि सावकाश चित्र काढत असतं. हाच आमचा प्लॉटर, म्हणजे पेन सरकवून चित्र काढणारं यंत्र. ते पाहिलं की प्रश्न ठरलेला: "ताई, तुम्ही तर कॉमर्सच्या. इलेक्ट्रॉनिक्स न शिकता हे जमलं कसं? आमच्या मुलीला जमेल का?" दारात उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

जमतं. उलट नवशिक्यानं पहिलं काही बनवायचं असेल तर मी हेच बनवायला सांगेन. एलईडी लुकलुकवण्यात मन चटकन भरतं, आणि ती लागली नाही तर का लागली नाही हे कळायला मार्ग नसतो. प्लॉटरचं बिनसलेलं मात्र कागदावर उमटतं. रेघ कशी वाकली आहे हे पाहून दोष कुठं आहे ते ओळखता येतं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स थोडंच लागतं, दहावीची भूमिती बरीच लागते.

रचना साधी आहे. बोर्डाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन मोटरी. प्रत्येकीच्या दांड्यावर दातेरी पुली, पुलीवरून गेलेला दातेरी पट्टा. पट्ट्याच्या एका टोकाला पेनाचा गाडा आणि दुसऱ्या टोकाला पट्ट्यानं दात सोडू नयेत इतपतच छोटं वजन. पट्टे लांब-आखूड झाले की पेन सरकतं. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये युर्ग लेनी आणि उली फ्रांके यांनी 'हेक्टर' नावाचं यंत्र याच पद्धतीनं केलं होतं. त्यात पेनाऐवजी स्प्रेचा डबा होता आणि ते अख्खी भिंत रंगवायचं. मला पेन आणि ड्रॉइंग पेपर पुरतो.

मोटर घ्यायची ती २८बीवायजे-४८. एसीच्या तोंडाची पट्टी वर-खाली करायला वापरतात ती हीच जात. ड्रायव्हर बोर्डासकट दोनशे रुपयांच्या आसपास मिळते. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नुसता नंबर सांगितला तरी चालतं. दोन मोटरी, एक आर्डुइनो ऊनो (आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे मोटरींना आज्ञा देणारा छोटा बोर्ड), पेन उचलायला एक छोटी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी), पट्टा, पुली, जंपर वायरी (नुसत्या खोचायच्या जोडवायरी): सगळं मिळून दोन हजारांत बसतं. मोटरीचा प्लग ड्रायव्हर बोर्डात सरळ बसतो, म्हणून सोल्डरिंगही करावं लागत नाही. जुन्या डीव्हीडी ड्राइव्हच्या मोटरी काढून प्लॉटर करा असा सल्ला बरेच जण देतात. नवख्या माणसाला तो देऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्या मोटरींच्या वायरी नाजूक, कोणती कुठली हे लिहिलेलं नसतं, आणि एवढं करून चित्राला जागा मिळते जेमतेम चार सेंटिमीटरची.

आता इलेक्ट्रॉनिक्स. ऊनोच्या एका पिनमधून (वायर खोचायच्या जागेतून) २० मिलिअँपिअरच्या पुढं प्रवाह जाऊ नये. या मोटरीच्या एका गुंडाळीचा रोध सुमारे ५० ओहम असतो, म्हणजे ५ व्होल्टवर ती १०० मिलिअँपिअर ओढणार. म्हणून मध्ये यूएलएन२००३ हा ड्रायव्हर लागतो: पिननं नुसती खूण करायची, मोठा प्रवाह तो सोडतो. मोटरींना वीज ऊनोमधून द्यायची नाही, जुन्या मोबाइलचा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर द्यायचा. आणि त्या चार्जरचा ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची वायर, ऊनोच्या ग्राउंडला जोडायचाच. व्होल्ट म्हणजे दोन टोकांमधला फरक. दोघांचं शून्य एकच नसेल तर पिननं दिलेली खूण ड्रायव्हरला कळणार कशी? एवढं समजलं की कामापुरतं इलेक्ट्रॉनिक्स झालं.

एक अडचण मात्र हमखास येते. मोटर गुरगुरते, थरथरते, पण फिरत नाही. मोटर बिघडलेली नसते. आर्डुइनोच्या स्टेपर लायब्ररीला (अशा मोटरी फिरवायच्या तयार कोडला) या मोटरीच्या पिना वेगळ्या क्रमानं सांगाव्या लागतात. वायरी ८, ९, १०, ११ अशा ओळीनं जोडल्या असतील तर कोडमध्ये ८, १०, ९, ११ लिहायचं. मधल्या दोन पिनांची अदलाबदल झाली की ती फिरू लागते.

मग खरी गंमत सुरू होते. पेन कुठं न्यायचं हे आपल्याला आडवं-उभं माहीत असतं, यंत्राला मात्र फक्त पट्ट्यांची लांबी कळते. डावी मोटर हा आरंभबिंदू धरा; तिथून पेनाचं आडवं अंतर क्ष, खालचं अंतर य. दहावीच्या निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र लावा: डावा पट्टा म्हणजे क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उजव्यासाठी क्षच्या जागी मोटरींमधल्या अंतरातून क्ष वजा करून घ्यायचं. या सूत्राचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या मुलांना मी हा बोर्डच दाखवते.

पण एवढ्यानं सरळ रेघ येत नाही, आणि इथं थांबून विचार करावा असं मला फार वाटतं. समजा मोटरींत ८०० मिलिमीटर अंतर आहे आणि ४०० मिलिमीटर खाली, डावीकडून २०० पासून ६०० पर्यंत आडवी रेघ हवी आहे. डावा पट्टा ४४७ वरून ७२१ मिलिमीटर होणार, उजवा ७२१ वरून ४४७. दोन्ही मोटरी एकसारख्या वेगानं फिरवल्या तर मधोमध दोन्ही पट्टे ५८४ मिलिमीटर होतात. तिथं ते असायला हवेत ५६६. म्हणजे रेघ मधोमध जवळपास २६ मिलिमीटर खाली झुकते, चांगली पाळण्यासारखी. मोटर, वायर, कोड सगळं बरोबर असूनही. कारण लांबी वर्गमुळात लपलेली आहे, ती समान चालीनं बदलत नाही. उपाय असा: रेघेचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला लांबी नव्यानं काढायची. तुकडा दहापट लहान केला की वाक साधारण शंभरपट कमी होतो. ४० मिलिमीटरच्या तुकड्यांत तो पाव मिलिमीटरवर येतो, पेनाच्या रेघेत बुडून जातो.

मोटर स्वस्त आहे, तिच्या गिअरमध्ये ढिलाई असते. टेबलावर आडव्या चालणाऱ्या प्लॉटरमध्ये ही ढिलाई छळते: दिशा बदलताना मोटर फिरते पण पेन क्षणभर जागचं हलत नाही, आणि वर्तुळाला चपट्या कडा येतात. लटकत्या प्लॉटरमध्ये गाड्याचं वजन पट्ट्याला कायम एकाच बाजूला ओढत राहतं, त्यामुळं गिअरचे दात नेहमी एकाच कडेला टेकलेले असतात. कमी पैशात लटकता प्लॉटरच करा, असं मी म्हणते ते यासाठी.

या मोटरीचं आणखी एक लक्षात ठेवा. ती सलग न फिरता छोट्या छोट्या पावलांनी फिरते. तिच्या एका फेरीला २०४८ पावलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण बऱ्याच मोटरींत प्रत्यक्षात ती २०३८च्या जवळ असतात. पुलीवर मार्करनं खूण करून दहा फेऱ्यांची आज्ञा द्या. खूण सुमारे १८ अंश पुढे जाऊन थांबली तर तुमची मोटर २०३८वाली.

पहिलं चित्र म्हणून ठिपक्यांची रांगोळी निवडा, आणि त्यातले आधी फक्त ठिपके काढा. ठिपक्यांत रेघेचा प्रश्नच नसतो, त्यामुळं मापं बरोबर आहेत का एवढंच दिसतं. ठिपक्यांच्या आडव्या ओळी वाकल्या असतील तर मोटरींमधलं अंतर किंवा पेनाची सुरुवातीची जागा मोजताना काहीतरी चुकलंय. सुरुवात नीट, पण एका ठिपक्यापासून पुढचं सगळं सरकलेलं असेल तर मोटरीचं पाऊल चुकलं. तिला स्वतःला ते कळत नाही, प्रोग्रॅम फक्त पावलं मोजत राहतो. असं बहुधा कागदाच्या वरच्या भागात होतं. तिथं पट्टे आडवे व्हायला लागतात आणि आडव्या रेषेशी १० अंशांपर्यंत आले की प्रत्येक पट्ट्यातला ताण गाड्याच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होतो. ३० अंशांवर तो वजनाएवढाच असतो. म्हणून कागद मोटरींपासून बराच खाली लावा आणि वेग कमी ठेवा. ही मोटर मिनिटाला १५ फेऱ्यांच्या पुढं तशीही नीट चालत नाही.

मुलीला जमेल का, तर सातवी-आठवीच्या मुलीला मोठ्या माणसासोबत नक्की जमेल. वर्गमूळ कोडमध्ये आयतं मिळतं. वायरी तिलाच जोडू द्या, चार्जर भिंतीत लावताना मात्र तुम्ही जवळ थांबा.

आणि पेन? बॉलपेन नको. उभ्या कागदावर त्याची शाई खाली उतरत नाही, थोड्या वेळात रेघ पुसट होते. फेल्टच्या टोकाचं स्केचपेन घ्या, त्यात शाई धाग्यांमधून आपोआप ओढली जाते. बोर्डही अगदी सरळ उभा न ठेवता किंचित मागं टेकवा, म्हणजे पेन कागदाला धरून राहतं.