मराठीच्या वाटेने फ्रेंच : पीयूसीतील माझा अनुभव

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीपर्यंत तीन भाषा सांभाळाव्याच लागतात. माझ्या वेळी एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या, ६२५ गुणांपैकी ३२५ गुण भाषांचेच होते. पहिली भाषा मराठी १२५ गुणांची आणि इंग्रजी व कन्नड प्रत्येकी १०० गुणांच्या. त्यामुळे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, प्रवेश घेताना इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच घेण्याचा विषय निघाला, तेव्हा घरच्यांना त्याचे फारसे नवल वाटले नाही. ‘फ्रेंचला मार्क पडतात’ ही चर्चा प्रवेशाच्या रांगेत ऐकू येतच होती, आणि मीही काही अंशी त्याच आशेने ती भाषा घेतली, हे सांगायला हरकत नाही.

खरी अडचण फ्रेंचची नव्हती, ती शिकवण्याच्या माध्यमाची होती. दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान मराठीतून शिकलेल्या मुलीला अकरावीत भौतिकशास्त्रापासून फ्रेंचपर्यंत सगळेच इंग्रजीतून ऐकावे लागत होते. वर्गात प्रत्येक फ्रेंच शब्दाचा इंग्रजी अर्थ फळ्यावर लिहिला जाई, आम्ही तो उतरवून घेत असू आणि घरी आल्यावर त्या इंग्रजीचा मराठी अर्थ लावत बसत असू. या दुहेरी फेऱ्यात वेळ तर जाईच, पण त्याहून मोठे नुकसान असे की, जी वैशिष्ट्ये फ्रेंच आणि मराठी या दोन्ही भाषांत आहेत, ती मधल्या इंग्रजीत गळून पडत. फ्रेंचमध्ये ‘त्यु’ आणि ‘वू’ असा भेद आहे. तो मराठी मुलाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एवढे सांगून कळतो, पण इंग्रजीतून समजावताना त्यासाठी अर्धा तास खर्ची पडतो. ‘मी आहे, तू आहेस, तो आहे’ असे पुरुषाप्रमाणे बदलणारे क्रियापद आपल्या तोंडात बसलेले असते. ‘ज स्वी, त्यु ए, इल ए’ म्हणताना त्यात काही अजब वाटण्याचे कारण नाही. म्हणून मी वही दोनच रकान्यांची केली, एका बाजूला फ्रेंच आणि दुसऱ्या बाजूला मराठी. इंग्रजी अर्थ केवळ परीक्षेत लागेल तेवढाच ठेवला.

लिंगाचा प्रश्न याच पद्धतीने हलका झाला, संपला मात्र नाही. फ्रेंचमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत आणि निर्जीव वस्तूंनाही त्यांतून सुटका नाही. माझ्या वर्गात गोकाककडची एक कन्नड मैत्रीण होती. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात, त्यामुळे खुर्ची स्त्री आणि पुस्तक पुरुष कसे, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. आम्हा मराठी मुलांना तो प्रश्न पडत नसे. विशेषण नामाप्रमाणे बदलते हेही ‘चांगला, चांगली’मुळे अंगवळणी पडलेले होते. आमचा घोटाळा निराळा होता. खुर्ची, खिडकी, रात्र, गाडी यांची लिंगे दोन्ही भाषांत जुळतात, म्हणून विश्वास बसतो आणि मग चंद्र येतो, जो फ्रेंचमध्ये ‘ला ल्यून’ म्हणजे स्त्रीलिंगी आहे. मराठीतील नपुंसकलिंगी नामांचे तर काहीच सांगता येत नाही: पुस्तक तिकडे पुल्लिंगी, घर स्त्रीलिंगी. यासाठी मी जुळणारे शब्द पाठ करण्यात वेळ घालवलाच नाही, फक्त न जुळणाऱ्यांची यादी केली आणि प्रत्येक नाम त्याच्या आधी येणाऱ्या पुल्लिंगी ‘ल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ या उपपदासहच म्हणण्याची सवय लावली. शब्दाच्या शेपटाकडे पाहूनही बरेच कळते. ‘स्यों’ने संपणारी ‘नास्यों’, ‘स्तास्यों’सारखी नामे आणि ‘लिबेर्ते’सारखी ‘ते’ने संपणारी भाववाचक नामे बहुतेक स्त्रीलिंगी असतात, ‘फ्रोमाज’, ‘व्हिलाज’सारखी ‘आज’ने संपणारी बहुतेक पुल्लिंगी, मात्र पान या अर्थाचे ‘पाज’ आणि समुद्रकिनारा या अर्थाचे ‘प्लाज’ हे अपवाद वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

शब्द लक्षात राहण्यासाठी जी पद्धत मला सर्वांत उपयोगी पडली, ती सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत होय. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. लाइटनर यांनी त्यावर साधी व्यवस्था बसवली. कुंदा या मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करून मी त्यात कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. स्त्रीलिंगी नाम लाल शाईने, पुल्लिंगी निळ्या शाईने. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की ती कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येते. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा एक दिवसाआड आणि पुढचे त्याहून अधिक अंतराने. मराठी बाजू वर ठेवून फ्रेंच शब्द आठवायचा, उलट नाही, कारण वाचून ओळखणे आणि वेळेवर तोंडात येणे यांत फार अंतर असते. मोबाइलवर याच तत्त्वाची ॲप आहेत आणि ती चांगली आहेत, पण चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिताना स्पेलिंगही पक्के होते, हा लाभ त्यांत नाही.

फ्रेंचमध्ये स्पेलिंगला फार महत्त्व आहे, कारण लिहिलेले सगळे उच्चारले जात नाही. ‘बोलणे’ या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ यांच्यासोबतची रूपे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिली जातात, पण चारही ठिकाणी कानावर ‘पार्ल’ एवढेच पडते. काही मुले प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहीत. पहिल्या आठवड्यांत त्याचा आधार होतो, परंतु पुढे डोळे देवनागरीच वाचतात आणि खालचे फ्रेंच दिसेनासे होते. त्याऐवजी आम्ही मैत्रिणी मधल्या सुट्टीत श्रुतलेखन घेत असू. एकीने धड्यातील चार ओळी वाचायच्या, बाकीच्यांनी लिहायच्या आणि पुस्तक उघडून तपासायच्या. उच्चारांच्या बाबतीत मला घरातूनच मदत मिळाली. माझी आजी कणकुंबीकडची, कोंकणी बोलणारी. कोंकणीत अनुनासिक स्वर अजून जिवंत आहेत, तिचे ‘हांव’ नाकातूनच येते. त्यामुळे ‘बों’, ‘पें’, ‘व्हें’ यांतले नाकातले स्वर मला ऐकताच उमगले. त, द यांचे दंत्य उच्चार तर आपल्याला आयतेच मिळतात. घशातला ‘र’ मात्र कोणीही आयता देत नाही. तो स्वतःचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून, मूळ उच्चाराशेजारी ठेवून ऐकतच सुधारावा लागला.

आकड्यांच्या धड्याला वर्गात नेहमी हशा होई. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘कात्र-व्हें’ म्हणजे चार वीस म्हणतात आणि ब्याण्णवला चार वीस बारा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे विक्षिप्त वाटे. आमच्याकडची जुनी माणसे अजूनही नारळ विसांवर मोजतात, चार विसा आणि वर बारा असा हिशेब त्यांना बोटांवर येतो. आजीला विचारले असते तर तिने हा धडा शिकवला असता.

दुसऱ्या वर्षी भूतकाळ आला आणि येथे मराठी व्याकरणाने सर्वांत मोठी सोय केली. ‘ती गेली’मध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, तर ‘मी चिठ्ठी लिहिली’मध्ये कर्माप्रमाणे, कर्तरी आणि कर्मणी प्रयोग म्हणून आपण हे शाळेत घोकलेले असते. फ्रेंचमध्येही जाणे, येणे अशा क्रियापदांचे भूतकाळी रूप कर्त्याप्रमाणे बदलते आणि बहुतेक सकर्मक क्रियापदांचे रूप कर्माप्रमाणे बदलू शकते, मात्र कर्म क्रियापदाच्या आधी आले असेल तरच. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणजे ‘ला लेत्र क ज्ये एक्रीत’. येथे स्त्रीलिंगी चिठ्ठीमुळे शेवटचा ‘त’ ऐकू येतो, एरवी ‘एक्री’ एवढेच. वर्गात हा नियम अपवादांचे जंजाळ म्हणून शिकवला गेला. मराठी शाळेतून आलेल्यांना फक्त ‘कर्म आधी’ ही एक अट नव्याने शिकायची होती.

पीयूसी झाल्यावर मी डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राची ए१ ही पहिल्या पातळीची परीक्षा पुण्याला जाऊन, मामाकडे राहून दिली. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे २५ गुणांचे चार भाग असतात. १०० पैकी ५० मिळवावे लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५ गुण हवेतच. महाविद्यालयातील परीक्षेत भाषांतर आणि व्याकरणावर निभावते, येथे तसे होत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक आधी स्वतःविषयी विचारतात, मग चिठ्ठ्यांवरील शब्दांवरून आपल्याला प्रश्न विचारायला लावतात आणि शेवटी दुकानातील खरेदीसारखा संवाद करवून घेतात, ज्यात पैसे देण्यासाठी नाण्या-नोटांची चित्रेही समोर ठेवलेली असतात. त्यासाठी मी आणि धाकटा भाऊ घरी रोज भाजी विकत-घेत बसत असू. त्याला फ्रेंच येत नव्हते, पण किंमत सांगणे आणि नकार देणे एवढे त्याने उचलले.

बोलण्यात आणि लिहिण्यात गुण चांगले पडले, ऐकण्यात सर्वांत कमी. ध्वनिफीत दोनदाच ऐकवतात आणि ती वर्गातल्या वाचनाच्या वेगाने चालत नाही. म्हणून ए२ या पुढच्या पातळीच्या तयारीत मी वेळेची वाटणी बदलली आहे. व्याकरणाला आता रविवार पुरतो. इतर दिवशी खानापूरच्या बसमध्ये टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीचे प्राथमिक पातळीचे मोफत पाठ हेडफोनवर ऐकते. पहिल्यांदा नुसते, दुसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून आणि तिसऱ्यांदा पुन्हा नुसते. आरएफआय या फ्रेंच नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधील बातमीपत्रही अधूनमधून लावून पाहते. त्यातले निम्मे अजून निसटते, परंतु देशांची नावे, आकडे आणि वार आता थांबून ऐकावे लागत नाहीत.