डिस्क रिकामी, डेटाबेस फुल्ल

जुलैतला सोमवार, सकाळचे साडेनऊ. आमच्या एका सेल्समन पोराचा फोन आला, तोही मित्राच्या मोबाईलवरून. "सर, मोबाईल गेला की ओ." कोल्हापुरात खासबागेजवळ मिसळ खाल्ली आणि शिरोलीला पोचेपर्यंत खिसा रिकामा. म्हटलं, घाबरू नको, त्यातला सगळा डेटा इथनं पुसून टाकतो. कंपनीचे 180 मोबाईल सांभाळणारा सर्व्हर आम्ही त्यासाठीच तर बसवला होता.

बटण दाबलं. एरर. परत दाबलं. परत एरर.

पहिला संशय डिस्कवर. बघतो तर 1 टीबीच्या डिस्कवर (विंडोज ती 931 जीबीच दाखवतं, तो भाग वेगळा) निम्म्याहून जास्त जागा मोकळी. मग सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग उघडला. डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, 2019 ची फुकटातली आवृत्ती. तिच्यात एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा, आणि ती काठोकाठ भरलेली. मोबाईल पुसायचा हुकूमसुद्धा आधी डेटाबेसात एक ओळ म्हणून लिहावा लागतो. ती लिहायलाच जागा नव्हती.

चूक माझीच. सर्व्हर घेताना मी मोबाईल मोजले, दिवस मोजलेच नाहीत. मॉडेल, आयएमईआय (मोबाईलचा ओळख क्रमांक), कुठली ॲपं आहेत ही माहिती इतकीशी असते. पण प्रत्येक मोबाईल दर 15 मिनिटांनी हजेरी लावतो आणि आमच्याकडं प्रत्येक हजेरीची नवी ओळ साठत होती. दिवसाला 96 हजेऱ्या, 180 मोबाईल, म्हणजे 17,280 ओळी. इंडेक्ससकट (ओळी पटकन शोधायची सूची) ओळीला 2 केबी धरले तरी रोजचे 34 एमबी, महिन्याचा एक जीबी. सप्टेंबरात बसवलेला सर्व्हर जुलैत तुंबला यात नवल कसलं? पाचवीतल्या पोरानं केलं असतं असलं गणित.

जुनं पुसतानाही घाई नडली. सगळ्या जुन्या ओळी एका दमात पुसायला गेलो, तर ट्रान्झॅक्शन लॉगची, म्हणजे डेटाबेसातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाईल फुगायला लागली. ती त्या 10 जीबीत धरत नाहीत, पण डिस्क तर खातेच. थांबवलं आणि पाच-पाच हजार ओळींचे घास करून पुसत बसलो.

आता हजेरी 90 दिवसच ठेवतो, तीन जीबीत भागतं. लोकेशन मात्र मालकांना वर्षभराचं पाहिजे होतं. म्हटलं, "अण्णा, पोरं गेल्या दिवाळीत कुठं होती ते बघून आपण काय करणार?" तीस दिवसांवर मिटलं. प्ले स्टोअरची ॲपं गूगलकडनंच उतरतात, त्यांचा आपल्या डिस्कला त्रास नाही. आमचं ऑर्डरचं ॲप 70 एमबीचं, त्याच्या शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवल्या, बाकी उडवल्या.

खरी जागा खातो तो बॅकअप. एक्सप्रेसमध्ये बॅकअप कॉम्प्रेस, म्हणजे दाबून लहान होत नाही. रोजचा 4 जीबीचा एक, असे 14 दिवसांचे म्हणजे 56 जीबी. तेही त्याच डिस्कवर ठेवणं म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्यासारखं. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता तेव्हा कित्येक दिवस ऑफिसचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. म्हणून एक कॉपी रोज रात्री राजारामपुरीतल्या ऑफिसात जाते, दुसऱ्या मजल्यावर.

आणि इशारे लावलेत, पंचगंगेला पुराचे असतात तसेच. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. आमच्या डेटाबेसला 6 जीबीला इशारा, 8 ला धोका. मेलच्या विषयातही तेच शब्द टाकलेत. अण्णांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तर त्या सोमवारी साडेबाराला एकदाची जागा झाली. बटण दाबलं, हुकूम गेला, मोबाईल पुसल्याची हिरवी खूण आली. पहिला चहा घेतोय तोवर पोराचा फोन, आता मिसळवाल्याच्या काउंटरवरनं. शनिवारच्या अकरा ऑर्डरी अजून सर्व्हरला आल्या नव्हत्या, त्याच मोबाईलमध्ये होत्या.

"सर, सापडला की ओ! ह्यांनी चार्जिंगला लावून ठेवलावता. पण चालू केल्यावर भाषा कुठली पाहिजे म्हणून विचारायलाय."