किलोच्या भावातलं ४८६

हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगमधून ४८६ आलं, म्हणजे ४८६ प्रोसेसरचं जुनं पीसी मशीन. धनी म्हणाले, "भाऊ, भंगारवाला किलोनं मागून रायला. देऊन टाकू का?" म्हटलं, आधी उघडून पाहू द्या.

आत रुईचा थर. ती कोरड्या ब्रशनेच काढायची, ब्लोअर मारला की स्लॉटांत, म्हणजे कार्डं बसतात त्या खाचांत, जाऊन बसते. खाली मदरबोर्डवरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळलेली. तिच्यातला अल्कली तांब्याच्या रेषा खातो, आणि बॅटरी बहुधा कीबोर्डच्या जॅकजवळ असल्याने आधी कीबोर्डच जातो. बॅटरी कापून काढली, हिरव्या डागांवर कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावलं, मग पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मल्टिमीटरवर दोन रेषा तुटलेल्या निघाल्या, त्या बारीक इनॅमल तारेने जोडल्या. नव्या बॅटरीसाठी तीन पेन्सिल सेल, मध्ये डायोड. डायोड विसरलात तर बोर्ड साध्या सेलला चार्ज करायला जातो आणि तेही गळतात. पॉवर सप्लायचे पी-८ आणि पी-९ हे दोन प्लग लावताना काळ्या तारा काळ्यांशेजारी, उलट बसले तर बोर्ड जळतो.

मग एका स्लॉटातलं लांब कार्ड पुसलं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट! विंडोजआधीच्या डॉस प्रणालीच्या टेक्स्ट मोडमध्ये, डीबेससारख्या नोंदी ठेवायच्या इंग्रजी प्रोग्रॅमातही, देवनागरी आणणारं कार्ड.

कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक म्हटलं की एकच रूप डोळ्यांपुढे येतं, त्याच्या सिड या आवाजाच्या चिपचा सूरही ओळखीचा. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून पुढच्या यंत्रांचं तसं नाही. डबे सारखेच पांढरट, आतली कार्डं मात्र ज्याची त्याची. शिवाय आजचा पीसी त्यांचाच वंशज, म्हणून लोकांना ती नुसती जुनी वाटतात. मग रॅम एकीकडे, प्रोसेसर सोन्यासाठी दुसरीकडे, आणि जिस्टसारखं कार्ड कचऱ्यात. मला हे फार लागतं. पीसीची ओळख त्याच्या जुळणीत असते, ती मोडली की परत जमवता येत नाही.

सेटअपमध्ये टाइप ४७, म्हणजे आकडे स्वतः भरायचा डिस्कचा प्रकार, निवडून डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर हाताने भरले. डिस्क फिरली. मशीन डॉसवर आलं, डीबेस उघडला आणि पडद्यावर ठळक देवनागरीत रकाने उमटले: कापूस, रुई, सरकी, गाठी.

बंद करण्याआधी सगळ्या फाइलींची नक्कल काढली. धन्यांना फोन केला: भंगारवाल्याला नाही म्हणा.