इतिवृत्तातली एक ओळ

आमच्या बधिर संघटनेची स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिवृत्ताच्या जुन्या वह्या सभासदांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी सांकेतिक भाषेचा दुभाषी. आई-बाबा दोघेही बधिर, त्यामुळे ही भाषा मला घरातच मिळाली. पुढे रीतसर प्रशिक्षण घेतलं. आता गोव्यात इस्पितळ, बँक, पोलीस ठाणं, न्यायालय, जिथून बोलावणं येईल तिथे जातो. त्या रविवारी फोंड्याजवळच्या एका देवळाच्या सभागृहात ज्येष्ठ मंडळी जमली होती. खुर्च्या गोलात मांडलेल्या, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसले पाहिजेत.

गोवा १९८७ साली घटक राज्य झालं, संस्थेची नोंदणी त्याच सुमाराची. पहिल्या वहीत सुवाच्य मराठीत लिहिलंय: दीपप्रज्वलन झाले, प्रमुख पाहुण्यांनी मार्गदर्शन केले, आभार मानून सभा संपली. मी हे हातांनी सांगत होतो आणि समोरचे चेहरे कोरे होत चालले होते. एका सभासदाचे ऐकू येणारे थोरले भाऊ वर्षानुवर्षं एक पैसा न घेता या वह्या लिहीत आले. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण सभेत त्यांच्या कानांवर पाहुण्यांचं भाषण पडायचं, ते कागदावर उतरायचं. सभासद आपसांत काय बोलत होते ते त्यांना कळायचं नाही, म्हणून वहीत ते नाही.

शेवटी मावशींनी हात हलवून मला थांबवलं. सगळे त्यांना कपाळावरच्या तिळाच्या खुणेनं ओळखतात. त्या म्हणाल्या, "हे पाहुण्यांचं झालं. आमचं कधी?"

मग काका उठले, सगळ्यांत वयस्क. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी वडिलांनी त्यांना पणजीहून बोटीनं मुंबईला शाळेत पाठवलं. वर्गात हात डेस्कवर ठेवायचे, खुणा करायच्या नाहीत, शिक्षकांच्या ओठांकडे बघायचं आणि आवाज काढायचा. ही शिस्त एका शाळेपुरती नव्हती. १८८० साली मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली होती. तिथे मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते, आणि त्यांनी खुणांच्या भाषेपेक्षा बोलायला शिकवणंच श्रेष्ठ असं ठरवून टाकलं. त्याचे पडसाद जगभरच्या वर्गांत उमटले. त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. मी हे सांगितल्यावर काकांनी २०१० वजा १८८० असा हिशेब हवेत मांडला आणि १३० हा आकडा सगळ्यांना फिरून फिरून दाखवला.

भाषा त्यांना मिळाली ती वसतिगृहात, रात्री, दिवा असेपर्यंत. सुट्टीत परत येताना काका ती सोबत घेऊन आले. माझ्या बाबांच्या हातांत आजही ज्या काही खास मुंबईच्या खुणा आहेत, त्या अशाच बोटीनं आल्या.

पण बोलायचं कोणाशी? बहुतेक बधिर मुलांचे आई-वडील ऐकू येणारे असतात. म्हणजे गावोगाव एकेक बधिर माणूस आणि त्याच्यासारखं दुसरं कोणी जवळपास नाही. काका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन उभे राहायचे. पेडणे, डिचोली, बारदेश, सगळीकडची माणसं तिथे येतात, त्यांत कोणी हातवारे करत भाव करतंय का ते बघायचं. मिरच्या विकणाऱ्या बाईचा मुलगा असाच सापडला. मग त्याला ठाऊक असलेला डिचोलीचा एक सुतार, मग दिवाडीचा एक जण. फोन नाही, निरोप पाठवायची सोय नाही. पुढच्या वेळी कुठे आणि कधी ते आदल्या भेटीतच पक्कं व्हायचं, आणि पाऊस असो की चवथीची गडबड, माणसं यायची. जागा निवडताना एकच गोष्ट बघायची: उजेड. वीज गेली की सभा तिथेच संपली, मग पेट्रोमॅक्स घेतला. संस्थेची पहिली खरेदी तीच. वहीत ती "किरकोळ खर्च" म्हणून आहे!

संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. सात बधिर माणसं सह्या करायला गेली तेव्हा कार्यालयात विचारलं गेलं, "तुमच्या वतीनं बोलणार कोण?" कायद्यात अशी कुठलीच अट नाही. मावशींनी कागद पुढे ओढून सही केली आणि पेन काकांच्या हातात दिलं. बाकीच्यांनीही तेच केलं.

पुढच्या वहीत एक ओळ आली: "पोलीस ठाण्यात अडकलेल्या एका इसमास साहाय्य करण्यात आले." मी ती सांगितली आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठून मध्ये आले. काजूच्या कारखान्यात काम करून त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना मी लहानपणापासून बघतोय, पण हा इसम म्हणजे तेच, हे मला ठाऊक नव्हतं.

ते सांगू लागले आणि माझं काम अडलं. ते शाळेत गेले नव्हते. त्यांच्या खुणा त्यांनी स्वतः घडवलेल्या, त्यांवर संस्थेत शिकलेल्या भाषेचा वरवरचा थर. रोजच्या बोलण्यापुरतं आमचं भागायचं. पण आठवणींत शिरल्यावर ते मूळच्या खुणांवर गेले. ते डोक्यावर हात नेऊन काहीतरी बांधत होते, पुन्हा पुन्हा. मावशी त्यांच्यासमोर बसल्या आणि मला सांगू लागल्या: माटोळी बांधतोय, म्हणजे वर्ष. (चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती माटोळी, वर्षातून एकदाच.) जितक्या वेळा बांधली तितकी वर्षं. मग तसंच चाललं. ते मावशींना, मावशी मला, आणि मी स्मरणिकेसाठी टिपणं घेणाऱ्या मुलीला मराठीत. न्यायालयात अशा साक्षीदारासाठी बधिर दुभाषी आणि ऐकू येणारा दुभाषी, असे दोघे असावेत असं मी नेहमी म्हणत आलोय. साक्षीपुराव्याच्या कायद्यात २०१३ पासून दुभाषी आणि चित्रीकरण आलं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १२५ मध्ये आहे. पण दुभाष्यालाच ज्याची भाषा उमगत नाही त्याचं काय, याचं उत्तर मावशींसारखी माणसं आहेत. सर्टिफिकेट नसलेली.

त्यांची हकीकत अशी. पावसाळ्यातली रात्र, बसस्टँडवर एकटाच बसलेला तरणा मुलगा. पोलिसांनी नाव विचारलं, उत्तर नाही. दारू प्यायलाय म्हणून आत घेतला. सकाळ झाली तरी बोलेना, तेव्हा वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं ठरलं. ठाण्यासमोरचा चहावाला काकांना ओळखायचा. त्यानं मुलाचे हात बघितले आणि सायकलवरून माणूस धाडला. काका आणि मावशी आल्या. मावशींनी घराचं छप्पर दाखवून "कुठे?" असं विचारलं. मुलानं पाणी दाखवलं, मग फेरीबोटीची फळी खाली येताना दाखवली, मग देवळापुढचा दीपस्तंभ, मजले मोजून. तेवढ्यावर ही मंडळी त्याला घेऊन एकेका फेरी धक्क्यावर हिंडली, कामधंदा सांभाळून, जमेल त्या रविवारी. शेवटी एका धक्क्यावर मुलगा फळी पुरती टेकायच्या आत उडी मारून पळत सुटला. घरात बहीण होती. तिनं त्याला मेला असं धरलं होतं.

हे सांगताना ते गृहस्थ हसत होते. टिपणं घेणारी मुलगी रडत होती, आणि माझा आवाज मला जपून वापरावा लागत होता.

स्मरणिकेत हे छापायचं, असं तरुण चिटणीस म्हणाला. तोही बधिर. काकांनी विचारलं, "वाचणार कोण?" प्रश्न रास्त होता. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आमच्या कितीतरी सभासदांना छापील मराठी किंवा इंग्रजी जड जाते. इतिहास त्यांच्या भाषेत हवा, म्हणजे चित्रफितीवर हवा. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं, २०२१ पर्यंत त्यांच्या शब्दकोशात १०,००० शब्द झाले. मोठं काम आहे, मी रोज वापरतो. पण वर्षासाठी माटोळी बांधणारे हात शब्दकोशातून मिळणार नाहीत. ते आपल्यालाच टिपून ठेवावे लागतील, आणि या मंडळींची वयं बघता आत्ताच.

त्याच दुपारी सुरुवात केली. कॅमेरा तिकाटण्यावर, चौकट डोक्याच्या वरपासून कमरेच्या खालपर्यंत, कारण माटोळीला हात उंच जातात. मागे साधी भिंत, खिडकी समोर. आधी गृहस्थ एकटे, मग शेजारी मावशी, दोन्ही फिती वेगळ्या. मराठी मजकूर खाली नंतर येईल, तो मी आणि चिटणीस मिळून लिहिणार आहोत, आणि मावशींना हातांनी सांगून त्यांची संमती घेतल्याशिवाय तो पक्का होणार नाही. सात सह्यांपैकी एक काणकोणच्या आजींची आहे. त्यांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून पुढच्या रविवारी आम्हीच कॅमेरा घेऊन तिकडे जातोय.